गंबो, अ‍ॅकॉर्डियन आणि बिल

मेन्यूवरच्या आकड्यांची बेरीज ११८ डॉलर झाली, आणि टेबलावरून उठेपर्यंत खिशातून १६३ गेले. दारात तिकीट असतं तर हाच आकडा २०३ झाला असता. चौघांचं जेवण, त्यात एक शाकाहारी, दोन बिअर, एक गोड पदार्थ आणि समोर दोन तास वाजणारं अ‍ॅकॉर्डियन. कोणी फसवलं नाही, कोणी जास्तीचं लावलं नाही. अमेरिकेत रेस्टॉरंटचा खर्च तीन-चार ठिकाणी विखुरलेला असतो आणि मेन्यूवर त्यातला एकच दिसतो. उरलेले आधीपासून माहीत असले, तर संध्याकाळ बिलाच्या धसक्यात न जाता गाण्यात जाते.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. वसंतात आई-बाबा, सासू-सासरे, भाचरं भारतातून येतात. नासा झालं, गॅल्व्हेस्टनचा समुद्र झाला, की विचारणा सुरू होते, आता कुठे? माझं उत्तर ठरलेलं आहे. आय-टेन महामार्ग धरायचा आणि पूर्वेला साडेतीन तास जायचं, लुईझियानातल्या लाफायेटला. लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘किती खर्च होईल?’ दरवेळी फोनवर सांगते ते या वेळी लिहून ठेवते आहे. खालचे भाव गेल्या दोन-तीन वर्षांत मी स्वतः दिलेल्या बिलांवरून काढलेला अंदाज आहेत. जागेप्रमाणे आणि मोसमाप्रमाणे दोन-चार डॉलर इकडेतिकडे होतील.

केजन म्हणजे कोण

भारतातून आलेल्या बहुतेकांना केजन म्हटलं की बार्बेक्यू नेशनमधले सॉस ओतलेले केजन पोटॅटो आठवतात. तसा पदार्थ मी लुईझियानात कुठेही पाहिला नाही. मसाल्याच्या बाटलीवर ते नाव नंतर आलं. आधी ते माणसांचं नाव होतं. १७५५ साली ब्रिटिशांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागातून फ्रेंच बोलणाऱ्या अकेडियन शेतकऱ्यांना घरादारासकट उठवून हाकलून दिलं. त्यातले काही भटकत १७६० च्या दशकात लुईझियानाच्या दलदलीत आणि माळरानावर येऊन वसले. १७८५ मध्ये फ्रान्सहून सात जहाजं भरून आणखी सोळाशेच्या आसपास माणसं आली. अकादियँचं कादियँ झालं आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचं केजन झालं.

१९२१ च्या राज्यघटनेनं शाळांमधून फ्रेंच बंद केली. वर्गात घरची भाषा बोलली म्हणून शिक्षा भोगलेली एक अख्खी पिढी इथे होती. फ्रेंच परत आणायला सरकारी मंडळ नेमलं गेलं ते १९६८ साली. मधल्या काळात ही भाषा स्वयंपाकघरात राहिली आणि शनिवारच्या नाचाच्या हॉलमध्ये राहिली. म्हणून इथल्या रेस्टॉरंटमध्ये वाजणाऱ्या गाण्याला जेवताना मागे लावलेलं संगीत समजू नका. ते गाणं ऐकायला बसण्याचे पैसे कुठे, किती आणि कोणाला द्यायचे, हे मला पदार्थांच्या किमतीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

कोणत्या दारातून आत जायचं

खर्च ठरतो तो पहिल्यांदा जागेच्या प्रकारावरून. लाफायेट आणि शेजारच्या ब्रो ब्रिजसारख्या गावांत मोठी कौटुंबिक रेस्टॉरंट असतात. एका बाजूला छोटं स्टेज, मधे लाकडी फरशीची नाचायची जागा, भोवती टेबलं. इथे दारात सहसा काही घेत नाहीत. बँडला मालक पैसे देतो आणि तुम्ही जेवता एवढी त्याची अपेक्षा असते. आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर ही जागा सर्वांत चांगली. गाणं साधारण सातच्या सुमाराला सुरू होतं, साडेनऊपर्यंत आवरतं आणि मुलं नाचायच्या जागेवर बिनधास्त पळत असतात.

दुसरा प्रकार नाचाचे हॉल आणि बार. ब्रो ब्रिजचा ला पूसिएर हा हॉल १९५५ चा. नावाचा अर्थ धूळ. अशा ठिकाणी दारात माणशी ५ ते १५ डॉलर, बहुतेक वेळा रोख. खायला फारसं काही नसतं, म्हणून आधी जेवून जायचं. तिकीट महाग वाटलं तरी आत एक सोडा घेऊन तीन तास बसता येतं. एकूण हिशेबात हॉलची संध्याकाळ रेस्टॉरंटपेक्षा स्वस्त पडते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तिसरा प्रकार न्यू ऑर्लिन्सचा. पर्यटक इथेच जातात, पण हे शहर मुळात क्रिओल स्वयंपाकाचं आणि जॅझचं. केजन मुलुख इथून पश्चिमेला सव्वादोन तासांवर आहे. केजन पदार्थांना जगभर नाव मिळवून दिलं ते मात्र इथूनच. शेफ पॉल प्रुडॉम यांनी १९७९ मध्ये फ्रेंच क्वार्टरमध्ये के-पॉल्स सुरू केलं आणि मसाला लावून तापलेल्या तव्यावर काळपट भाजलेला रेडफिश लोकांनी इतका उचलून धरला की त्या माशाच्या व्यावसायिक मासेमारीवर निर्बंध आणावे लागले. या शहरातल्या पर्यटकांच्या रस्त्यांवर बऱ्याच बारमध्ये दारात तिकीट नसतं, पण प्रत्येक कार्यक्रमाला माणशी एक पेय घ्यावंच लागतं. ते पेय १२ ते १६ डॉलरचं असतं. म्हणजे ‘फुकट प्रवेश’ चौघांना पन्नास-साठ डॉलरला पडतो. बसण्यापूर्वी विचारा: पेयाची सक्ती आहे का, आणि ती माणशी आहे की टेबलामागे?

आणि फुकटचं, अगदी खरोखर फुकटचं संगीत हवं असेल तर युनिस या छोट्या गावी शनिवारी सकाळी जा. अ‍ॅकॉर्डियन बनवणारे मार्क सव्हॉय यांनी १९६६ मध्ये काढलेल्या दुकानात वर्षानुवर्षं शनिवारी सकाळी वादक जमतात, गोल करून बसतात आणि वाजवतात. तिकीट नाही. जाताना सगळ्यांसाठी काहीतरी खायला न्यायची पद्धत आहे. एप्रिलच्या शेवटी लाफायेटमध्ये पाच दिवसांचा फेस्टिव्हल इंटरनॅशनल भरतो आणि ऑक्टोबरमध्ये केजन-क्रिओल संगीताचा मोठा उत्सव. दोन्हींना प्रवेश विनामूल्य. तिथल्या टपऱ्यांवर १० ते १५ डॉलरमध्ये एका माणसाचं पोट भरतं. फक्त त्या आठवड्यात हॉटेलच्या खोल्या महागतात आणि लवकर संपतात.

पानात काय आणि त्यात काय

गंबो हा पहिला पदार्थ. वाटीभर घेतला तर ७ ते १० डॉलर, मोठा बोल १२ ते १८. भेंडीला आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या भाषेत जो शब्द होता त्यावरून हे नाव आलं, आणि आजही पुष्कळ गंबोंत भेंडी असते. पण पदार्थाचा जीव आहे तो रू. पीठ तेलात घालून मंद आचेवर, हात न थांबवता, चॉकलेटी रंग येईपर्यंत भाजायचं. लाडवाचं बेसन भाजायला बसलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची हे त्रिकूट पडतं, मग कोंबडी आणि सॉसेज किंवा कोळंबी आणि खेकडा, आणि खाली थोडा भात. तिघांत दोन वाट्या मागवा. चव कळते आणि पुढच्या पदार्थाला जागा राहते.

एतुफे म्हणजे झाकण ठेवून शिजवलेलं दाटसर कालवण, कोळंबीचं किंवा क्रॉफिशचं (त्याबद्दल पुढे), भातावर वाढलेलं. १८ ते २५ डॉलर. कोकणातल्या माणसाला पहिल्या घासाला आवडणारा पदार्थ हाच. मसाला भाजलेला मासा २४ ते ३५. कॅटफिश घेतला तर खालच्या टोकाला, रेडफिश घेतला तर वरच्या. पो-बॉय म्हणजे लांबट पावात भरलेली तळलेली कोळंबी किंवा कालवं, १२ ते १८ डॉलर, आणि अर्धा मागितला तरी एका माणसाला भरपूर. मुख्य ताटं इथे मोठी असतात. चौघांनी तीन मागवली तर पुरतात. मात्र काही ठिकाणी ताट वाटून घेतल्याबद्दल ३ ते ५ डॉलर वेगळे लावतात आणि ते मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. उरलेलं बांधून देतात, डबा फुकट.

जे डुकराचं मांस खात नाहीत त्यांनी चार नावं पाठ करावीत. बुदँ हे भात आणि डुकराच्या मांसाचं सॉसेज, त्यात बहुतेकदा यकृतही असतं. आंदुई हे धुरावलेलं सॉसेज, तेही डुकराचं. तासो हे डुकराचंच धुरावलेलं मांस. क्रॅकलिन म्हणजे डुकराची तळलेली चामडी. यातलं एखादं, विशेषतः आंदुई, कोंबडीच्या गंबोतही असतं. बीफ त्या मानानं कमी भेटतं, पण विचारून घ्या.

शाकाहाऱ्यांसाठी मला सरळ सांगायला हवं की हा मुलुख सोपा नाही. राजमा-भातासारखा दिसणारा रेड बीन्स अँड राइस हॅमच्या हाडाबरोबर शिजतो. हिरव्या शेंगांत बेकन पडतं. मक्याची माक शू ही भाजी नाव ऐकून शाकाहारी वाटते, पुष्कळदा नसते. डर्टी राइसमध्ये कोंबडीचं काळीज असतं. पालेभाज्यांचा म्हणून एक गंबो आहे, त्यातही मांस असू शकतं. माझ्या आईच्या ताटात एकदा ‘फक्त शेंगा’ म्हणून आलेल्या वाटीत मांसाचा तुकडा निघाला. वाढणाऱ्या मुलीनं मनापासून माफी मागितली. तिच्या दृष्टीनं बेकन म्हणजे फोडणी होती. त्या रात्री आई पावावरच राहिली. तेव्हापासून मी ‘शाकाहारी काय आहे?’ असं विचारत नाही. ‘यात मांस, चरबी किंवा मांसाचं पाणी आहे का?’ असं पदार्थ दाखवून विचारते. तळलेली भेंडी, मक्याच्या पिठाचे हश पपीज, बटाट्याचं सॅलड, कॉर्नब्रेड, साधा भात आणि कोशिंबीर यांतून ताट जमतं. बटाट्याच्या सॅलडमध्ये अंडं असतं, आणि तळणाचं तेल मासे तळलेलंच असू शकतं. अशा बाजूच्या पदार्थांना प्रत्येकी ४ ते ६ डॉलर पडतात, तीन घेतले की १५. कडक शाकाहारी माणूस बरोबर असेल तर त्याचं जेवण हॉटेलवर करून निघा आणि गाण्याला सगळे मिळून या. पैसेही वाचतात आणि त्या माणसाची संध्याकाळही वाचते.

शेवटी ब्रेड पुडिंग. ७ ते १० डॉलर, एक चौघांत. वर रम किंवा व्हिस्कीचा सॉस घालतात, चालत नसेल तर वेगळा मागा.

क्रॉफिशचा भाव

मेन्यूवर किमतीच्या जागी ‘बाजारभाव’ लिहिलेलं दिसलं की विचारल्याशिवाय मागवू नका. उकडलेले क्रॉफिश पौंडावर मिळतात. हा गोड्या पाण्यातला, बोटाएवढा शेवंडाचा भाऊ. लुईझियानात तो भाताच्या खाचरांत वाढवतात, भात काढला की त्याच शेतात पाणी सोडून. आपल्याकडे पावसाळ्यात खाचरांतले मुठे पकडून आणणाऱ्यांना हे लगेच कळेल. राज्याच्या विधिमंडळानं १९५९ मध्ये ब्रो ब्रिजला क्रॉफिशची जागतिक राजधानी म्हणून घोषित केलं, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला तिथे त्याचा उत्सव भरतो.

मोसम साधारण जानेवारी ते मे, फार तर जूनपर्यंत. जानेवारीत माल कमी आणि भाव चढा. पुढे लेंट येतो, ईस्टरच्या आधीचा कॅथलिकांचा उपासाचा काळ. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून क्रॉफिशला मागणी, आणि गुड फ्रायडेला तर सर्वांत जास्त. ईस्टर उलटला की भाव उतरतो, क्रॉफिशही मोठे झालेले असतात. एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेचे पहिले दोन-तीन आठवडे हा माझ्या मते जाण्याचा सर्वांत चांगला काळ. रेस्टॉरंटमध्ये उकडलेल्या क्रॉफिशचा भाव मोसमात पौंडाला ५ ते ९ डॉलरच्या दरम्यान फिरतो. २०२३ च्या दुष्काळानंतर २०२४ च्या सुरुवातीला तो याच्याही वर गेला होता.

तीन पौंड मागवले तर १५ ते २७ डॉलर, आणि समोर भलंमोठं ताट येतं. ते बघून घाबरू नका आणि खूषही होऊ नका. त्यात सालं आणि डोकीच फार. खाण्याजोगं मांस वजनाच्या सातव्या हिश्शाएवढं, म्हणजे तीन पौंडांतून सुमारे २०० ग्रॅम. नवख्या माणसाला दोन पौंड सोलतानाच बोटं दुखतात. मक्याचं कणीस आणि बटाटा बरोबर उकडलेला मिळतो, पण त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे. तिखटपणा आपल्याला जड नाही. डोळ्यांना बोट लावू नका एवढंच.

मोसम नसताना मिळतं ते गोठवलेलं मांस. ते परदेशातून आलेलं असू शकतं. २०१९ च्या कायद्यानं लुईझियानातल्या रेस्टॉरंटना क्रॉफिश किंवा कोळंबी आयात केलेली असेल तर तसं मेन्यूवर सांगणं बंधनकारक केलं आहे. ती ओळ शोधा. स्थानिक मालाची किंमत देऊन आयात केलेला खाण्यात अर्थ नाही.

ग्लास

आबिता ही इथली बिअर, १९८६ पासूनची. बाटली ५ ते ७ डॉलर. कॉकटेल १० ते १४. बर्फ घातलेला चहा साडेतीन डॉलर, आणि तो कितीही वेळा भरून देतात. ‘स्वीट’ म्हटलं तर अतिशय गोड येतो. साधं पाणी फुकट, न मागता बर्फासकट येतं. बिल कुठे कमी करायचं असेल तर ते इथे करावं, कारण दोघांच्या तीन-तीन कॉकटेलमध्ये एका माणसाचं अख्खं जेवण निघतं.

दारूचं वय २१. साठीतल्या पाहुण्यालाही ओळखपत्र विचारतात. भारतातून आलेल्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही. बारच्या भागात मुलांना बसू देत नाहीत, जेवणाच्या भागात देतात. ज्यानं गाडी चालवायची त्यानं ग्लास हातात धरायचा नाही. गावाकडे रात्री उबरच्या भरवशावर राहू नका.

कर, टिप आणि कार्ड

लुईझियानाचा राज्य विक्रीकर जानेवारी २०२५ पासून ५ टक्के आहे. त्यात स्थानिक कर मिळवला की जेवणावर साधारण १० टक्के होतो.

टिपेबद्दल भारतातून आलेले पाहुणे दरवेळी वाद घालतात, म्हणून आकडे सांगते. टिप मिळणाऱ्या नोकराला मालकानं द्यायची केंद्रीय किमान मजुरी तासाला २ डॉलर १३ सेंट आहे आणि ती १९९१ पासून बदललेली नाही. लुईझियानाचा स्वतःचा किमान वेतनाचा कायदा नाही. टिप धरून तासाला सव्वासात डॉलर झाले नाहीत तर फरक मालकानं भरायचा, असा नियम आहे. म्हणजे तुमच्या टेबलावर धावणारी मुलगी तुमच्या टिपेवर जगते. कर लावण्याआधीच्या रकमेवर १८ ते २० टक्के द्या. बारच्या काउंटरवर पेय घेतलंत तर पेयामागे एक डॉलर, कॉकटेल असेल तर दोन.

सहा किंवा त्याहून जास्त माणसं असली की बऱ्याच ठिकाणी १८ ते २० टक्के टिप बिलातच धरलेली असते. आम्ही आठ जण होतो तेव्हा मी ती ओळ वाचली नाही आणि वर पुन्हा २० टक्के लिहिले. घरी येऊन पावती पाहिली तेव्हा पन्नास डॉलर जास्त गेलेले. सही करण्याआधी ‘यात टिप धरली आहे का?’ एवढं विचारलं असतं तर काम झालं असतं. कार्डानं पैसे दिल्यास ३-४ टक्के जास्त घेणारीही ठिकाणं आहेत. तशी सूचना दाराजवळ किंवा मेन्यूवर असते.

कार्ड देण्याची पद्धत आपल्याला नवी वाटते. कार्ड आधी घेऊन जातात, मग पावती आणतात, तिच्यावर टिप आणि एकूण रक्कम तुम्ही हातानं लिहायची. एकूण रकमेची ओळ कोरी सोडू नका. भारतीय कार्ड असेल तर बँक परकीय चलनासाठी साधारण २ ते साडेतीन टक्के घेते, त्यावर जीएसटी. यंत्रानं ‘रुपयांत की डॉलरमध्ये?’ विचारलं तर डॉलर निवडा, कारण रुपयांत घेतलं की दर त्यांचा लागतो.

आता सुरुवातीचा हिशेब. तळलेली भेंडी ९, दोन वाट्या गंबो १८, एतुफे २२, भाजलेला कॅटफिश २६, बाजूच्या तीन पदार्थांचं शाकाहारी ताट १५, दोन बिअर १२, दोन चहा ७, ब्रेड पुडिंग ९. एकूण ११८. कर ११.८०, टिप २३.६०. झाले १५३.४०. बँडच्या बरणीत १०, म्हणजे १६३.४०. दारात माणशी १० असते तर २०३.४०. डॉलरला ९० रुपये धरले तर चौघांचे १४,७०० ते १८,३०० रुपये. तोंडी हिशेबाला सोपी युक्ती अशी की मेन्यूची बेरीज १.३ ने गुणायची आणि त्यात गाण्याचे पैसे घालायचे. ह्यूस्टनहून येऊन-जाऊन सव्वाचारशे-साडेचारशे मैल होतात, पेट्रोल ४५-५० डॉलर, आणि साध्या हॉटेलची खोली उत्सवाचे दिवस सोडून १०० ते १५० डॉलर, वर कर.

गाण्याचे पैसे

यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे, कारण तो बिलावर कुठेच येत नाही. स्टेजच्या कडेला एक बरणी, बादली किंवा उघडी पेटी ठेवलेली असते. चार-पाच वादकांमध्ये त्या रात्रीची बिदागी वाटली जाते आणि बरणीतले पैसेही. आमच्या देशी टेबलांवरून तिकडे कोणी जात नाही, असं मी अनेकदा पाहिलं. कंजूषपणा असतो असं नाही, ती बरणी आपल्यासाठी आहे हेच कोणाला माहीत नसतं. माणशी दोन ते पाच डॉलर टाका. फर्माईश केलीत तर आणखी पाच. नाच संपून गाणं थांबलं की उठून जायचं, वादकाकडे बघून टाकायचं. एका कॉकटेलएवढी ही रक्कम आहे, आणि कॉकटेल सोडून ती द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

ऐकताना काय ऐकायचं तेही सांगते. केजन बँडमध्ये दहा बटणांचं छोटं अ‍ॅकॉर्डियन, फिडल, गिटार आणि लोखंडी त्रिकोण. हा त्रिकोण पूर्वी गवत ओढायच्या यंत्राच्या दात्यांपासून बनवायचे. केजन संगीताची पहिली तबकडी १९२८ ची, जो फाल्कन आणि क्लिओमा ब्रो यांची. एखाद्या बँडमधल्या वादकानं छातीवर पत्र्याचा नागमोडी वॉशबोर्ड चढवला असेल आणि तो चमच्यांनी घासत असेल, तर ते झायडेको. ते इथल्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं संगीत, क्लिफ्टन शेनिये (१९२५–१९८७) यांनी मोठं केलेलं. दोन्हींत फरक आहे आणि वादकांना तो महत्त्वाचा वाटतो. झायडेकोच्या बँडला ‘किती छान केजन वाजवता’ असं सांगू नका.

नाचायला काही पडत नाही. वॉल्ट्झ आणि टू-स्टेप, जोड्या घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतात, म्हणजे देवळातल्या प्रदक्षिणेच्याही उलट. वाटेत उभं राहून व्हिडिओ काढू नका, धक्का लागतो. एखाद्या पंच्याहत्तरीच्या आजोबांनी येऊन अदबीनं हात पुढे केला तर ती इथली रीत आहे. माझ्या आईपुढे असा हात आला तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली, मग पदर खोचून उठली. दोन वॉल्ट्झ झाल्यावर टेबलाशी आली आणि म्हणाली, ‘ते गाणं कसलं होतं गं?’ शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, घर सोडून गेलेल्या माणसाचं. शब्द बाईंनाही पुरते कळत नव्हते. त्यांच्या आजीला कळायचे. आईनं पर्स उघडली आणि बाबांना विचारल्याशिवाय दहाची नोट काढून बरणीत टाकून आली.

एकच दिवस हाताशी असेल तर तो शनिवार असू द्या. सकाळी युनिसचं दुकान, किंवा शेजारच्या मामू गावचं फ्रेड्स लाउंज. तो बार शनिवारी सकाळी गाण्यासाठी उघडतो, गाणं रेडिओवर थेट जातं आणि दुपारी सगळं संपतं. तिथे जेवण नाही, फक्त पेयं, म्हणून नाश्ता करून जा. दुपारी बुदँचं दुकान, एक कांडी ४-५ डॉलरची. संध्याकाळी लाफायेट किंवा ब्रो ब्रिजला जेवण. मुक्काम तिथेच, रविवारी सावकाश परत. सकाळच्या गाण्याची वेळ, त्या रात्री बँड आहे की नाही, दारात किती आणि रोखच का, हे चार प्रश्न गुरुवारी फोन करून विचारा, कारण अशा जागा बंद होतात, वार बदलतात. आणि बरणीसाठी पाच-पाचच्या सात-आठ नोटा शुक्रवारीच बँकेतून काढून वेगळ्या खिशात ठेवा.